मोडक्या शेंड्याची भेंडी

साल १९८६. ज्येष्ठ सरत आलेला, पाऊस लांबलेला, दुपारची वेळ. कर्णिकांची जीप धुरळा उडवत आमच्या शेडसमोर थांबली आणि खाली उतरायच्या आधीच त्यांनी मांडीवरचं खोकं माझ्यापुढं केलं. एरवी हा माणूस आधी तांब्याभर पाणी मागायचा, मग सावलीत टेकून बायकांची थट्टा करायचा. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"वहिनी, हे उघडा," ते म्हणाले.

खोकं आमचंच होतं. पहिल्या खेपेचा माल विमानात चढवताना जागा कमी पडली, म्हणून हे एक मुंबईतच राहून गेलेलं. मी झाकण काढलं. आत भेंड्या होत्या, ओळीनं लावलेल्या, अजून हिरव्या. पण एकूण एक भेंडीचं टोक काळं. विझलेल्या काड्या कोणी पेटीत परत भरून ठेवाव्यात, तशा दिसत होत्या.

"लंडनला सगळा माल असाच पोचला. तिथल्या व्यापाऱ्यानं टेलेक्स केलाय, ही कसली कीड पाठवलीत म्हणून."

"कीड नाही ही," मी म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. टोकं मोडलीत. कोणी मोडली?"

शेडमधल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणी पदर सावरला, कोणी हातातली भेंडी हळूच पाटीत टाकली. शेवटी भागूआत्या बोलल्या. आमच्या वस्तीत वयानं सगळ्यांत मोठ्या त्याच, आणि त्यांना जगात कोणाची भीती नव्हती.

"मोडली न्हाई सायेब. बघितली."

"म्हणजे?"

"आवो, भेंडी कवळी हाय का जून, ते कसं कळणार? शेंडा दाबून बघायचा. कट्‌दिशी मोडला तर कवळी. नुसता वाकला तर जून, ती गुरापुढं. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, जून भेंडी एक बी जाता कामा न्हाई?"

"सांगितलं होतं," कर्णिक म्हणाले आणि कपाळाला हात लावून जीपच्या पायरीवरच बसले. "सरळ हवी सांगितलं, बोटाएवढी हवी सांगितलं, देठ ठेवा सांगितलं. शेंडा मोडू नका, हे सांगायचं माझ्या काही डोक्यात आलं नाही."

माझ्या तरी कुठं आलं होतं? मी स्वतः त्या बायकांच्या ओळीत बसून भेंडी निवडत होते आणि माझाही अंगठा तेच करत होता. भेंडी हातात आली की शेंड्याकडे अंगठा जातो. आईच्या शेजारी बसून भाजी निवडायला शिकलेल्या बाईला ते शिकवावं लागत नाही, आणि विसरताही येत नाही.

आता हे सगळं आमच्या दारी आलं कसं, ते सांगते.

आमचं गाव फलटण तालुक्यात, कालव्याच्या काठावर. घरची जमीन बागायत आणि सगळी उसाखाली. माझे सासरे, त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, ऊस सोसायटीचे संचालक होते. ऊस त्यांना पिकापेक्षा इभ्रतीचा वाटायचा. कर्णिक हा मुंबईच्या एका निर्यात कंपनीचा तरुण माणूस. परदेशात भाजी पाठवायची म्हणून गावोगाव शेतं बघत हिंडत होता. आमच्या दारात पाणी प्यायला थांबला आणि परसातली माझी भेंडी बघून तिथंच उकिडवा बसला.

"वहिनी, अशी भेंडी शेतात लावाल का? लंडनला आपली माणसं खूप आहेत. त्यांना ही मिळत नाही."

मी आमच्या ह्यांच्या मागं लागले. ह्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आता या वयात काय घ्यायचं. गाव ह्यांना तात्या म्हणायचं, तुम्हीही तात्याच म्हणा. तात्यांना पटलं. अण्णांना पटलं नाही, पण कालव्याजवळच्या तुकड्यातल्या तोडलेल्या उसाचा खोडवा मोडून झालाच होता, म्हणून त्यांनी एवढंच सांगितलं, "उन्हाळाभर खेळा. आषाढात तिथं आडसाली ऊस लागणार. बेणं मी सांगून ठेवलंय."

आम्ही भेंडी लावली. जुन्या गोठ्यावर उसाचं पाचट घालून शेड केली. बायका सकाळी थंड वेळेला तोडा करायच्या. भेंडीची लव हाताला खाजते, म्हणून प्रत्येकीच्या हातात नवऱ्याचे नाहीतर पोराचे जुने पायमोजे. मग शेडमध्ये बसून निवडायची, खोकी भरायची आणि संध्याकाळच्या आत ट्रकमध्ये चढवायची. घराजवळचं, सावलीतलं, बसून करायचं काम, आणि शेजारी पोर झोळीत निजलेलं. उसाच्या पाचटात हातपाय कापून घेणाऱ्या बायकांना ते सुख वाटत होतं. मला तर वाटत होतं, मी राज्य करतेय.

आणि आता पहिल्याच खेपेला हे काळं टोक.

कर्णिक म्हणाले, "आमच्या कंपनीच्या शेठचा निरोप स्पष्ट आहे. तुम्ही भेंडी नुसती पोत्यात भरून मुंबईला पाठवा. निवडणं, भरणं आमची माणसं तिथं करतील."

"पोत्यात? मुंबईपर्यंत? तिची चटणी होईल."

"होईल. मग भावही तसाच मिळेल."

ते कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तसा भाव म्हणजे फलटणच्या बाजारातला भाव. त्या भावाला अण्णा एक दिवस थांबले नसते. शेड मोडली असती, बायका परत पाचटात गेल्या असत्या आणि मी चुलीपुढं.

"कर्णिक," मी म्हणाले, "तुमच्या घरी भेंडी कोण आणतं?"

"आई."

"ती कशी घेते?"

 मग त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं. "दादरचा भाजीवाला तिला लांबून येताना बघितलं की टोपली आत ओढतो."

बायका खो खो हसल्या. मुमताजनं तर तोंडाला पदर लावला आणि मान फिरवली. ही आमच्या शेजारच्या मुलाण्यांची सून, हाताला सगळ्यांत चपळ आणि जिभेला त्याहून. "मंग सायेब, तुमच्या आईला बी कामावरनं काडा," ती म्हणाली.

"एक खेप द्या मला," मी म्हणाले. "एकच. एक जरी शेंडा मोडलेला निघाला तर तुमची पोती आणि तुमची मुंबई."

कर्णिकांनी शेडकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. "मंगळवारचा माल," ते म्हणाले. "शेठना मी सांभाळून घेतो. पण वहिनी, एकच." मग त्यांनी पाणी मागितलं.

*

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बसवून सांगितलं, शेंड्याला हात लावायचा नाही. सगळ्या माना हलल्या. पहिल्या पाटीला हात घातला आणि कट्, कट्, कट्.

"आत्या!"

"अगं बाई. ध्यानातच न्हाई."

चार भेंड्या नीट खोक्यात गेल्या. पुन्हा कट्.

"मी न्हाई," मुमताज म्हणाली. "ही हाताची बोटं मोडली." तिच्या पायाशी मोडकी भेंडी पडलेली.

मी अंगठ्याला चिंध्या बांधायला सांगितल्या. चिंधी बांधलेल्या अंगठ्यानं भेंडी सुटायला लागली, काम निम्म्यावर आलं. चिंध्या सोडल्या. भागूआत्या मात्र चिंधी सुटल्यावरही हात मांडीवर ठेवून बसल्या.

"का हो आत्या?"

"हे काम मला जमायचं न्हाई, द्वारका. न बघता भेंडी दुसऱ्याच्या घरात धाडायची?"

"सायबानं सांगितलंय ना."

"सायबाला काय, त्यो खोकं मोजणार. तिकडं कुणी बाई इळीवर बसंल. दिसभर काम करून आलेली आसंल. भेंडी चिराया घेतली आन्‌ दोर निघाले, तर ती काय म्हणंल?"

"तिला आपलं नाव पण ठाऊक नाही."

"नाव नसंल ठाऊक. शिवी लागायची ती लागतीच की."

 मला त्यांचा रागही आला आणि पटलंही. त्यांच्या लेखी तो परदेश बिरदेश काही नव्हता. कुठंतरी एक स्वयंपाकघर होतं आणि तिथं त्यांची भेंडी पाहुणी जाणार होती.

मी उठले, घरातून परात आणली आणि आत्यांच्या नि माझ्या मध्ये आदळली.

"बघायची," मी म्हणाले. "पण सगळी नाही. एका सरीतला माल एका पाटीत. त्या पाटीतल्या वरच्या, खालच्या, मधल्या मूठभर भेंड्या घ्यायच्या आणि खुशाल मोडायच्या. सगळ्या कट् वाजल्या तर पाटी पास, बाकीच्यांना हात लावायचा नाही. एक जरी वाकली तर पाटी बाद, फलटणच्या बाजारात. आणि मोडलेल्या ह्या परातीत. त्या आपण घरी न्यायच्या."

भागूआत्यांनी विचार केला. "शितावरनं भात बघतो तसं?"

"तसंच."

"मंग आदी का न्हाई बोललीस? उगं बोटं बांधून घेतली."

त्यानंतर हात शांत झाले. मोडायची तहान परातीत भागली की पुढची भेंडी बायका गुपचूप खोक्यात ठेवायच्या. अधूनमधून एखादा चोरटा कट् यायचा, मग सगळ्याजणी एका सुरात "परातीत!" म्हणून ओरडायच्या.

याचा एकच त्रास झाला. वस्तीतल्या प्रत्येक घरात सकाळ-संध्याकाळ भेंडी. तिसऱ्या दिवशी तात्यांनी ताट बघून विचारलं, "ही निर्यात आमच्यावरच चाललीय का?"  अण्णांनी भेंडी बाजूला सारून चटणी-भाकरी खाल्ली आणि हात धुताना मला ऐकू जाईल असं तात्यांना म्हणाले, "बेण्याची गाडी पुढच्या सोमवारी येतीय."

मंगळवारचा माल गेला. एकही शेंडा मोडलेला नव्हता. प्रत्येक खोकं मी स्वतः झाकलं होतं.

*

त्यानंतर कर्णिकांचा पत्ताच नाही. बुध, गुरू, शुक्र गेले. शनिवारी मी शेणानं शेड सारवत होते तर सोसायटीचा शिपाई सायकल टाकून धावत आला. "वहिनी, मुंबईचा ट्रंककॉल! तुम्हालाच बोलावलंय. अर्ध्या तासानं परत लावतो म्हणाले."

गावात फोन एकच, ऊस सोसायटीच्या कचेरीत. मी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. कचेरीत पोचले तर टेबलामागं अण्णा बसलेले. त्यांच्यापुढं मी कधी खुर्चीवर बसले नव्हते, तेव्हाही बसले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. ते वर्तमानपत्र वाचत होते. पान काही उलटत नव्हते.

फोन वाजला. शिपायानं उचलून माझ्या हातात दिला.

"वहिनी!" कर्णिक तिकडून ओरडत होते, लाइनच तशी होती. "मंगळवारचा माल उत्तम पोचला. व्यापारी खूश आहे. शेठ म्हणाले, पॅकिंग तुमच्याकडेच."

 अण्णा समोर होते. मी नुसतं "बरं" म्हणाले.

"पण आता एक वेगळीच तक्रार आहे."

"आता काय?"

"ती पहिली खेप, काळ्या टोकांची. व्यापाऱ्यानं ती फेकली नव्हती. एका छोट्या दुकानाला पडेल भावात देऊन टाकली. दुकान एका गुजराती बाईचं आहे, रंजनबेन नाव. तिचा आज व्यापाऱ्याला फोन आला. म्हणे, नवीन माल नको, ती मोडकी भेंडी पाठवा."

"मोडकी?"

"ऐका तर! तिच्या दुकानात आपल्याकडच्याच बाया येतात. गुजरातच्या, पंजाबच्या, कुठकुठच्या. आल्या की उभ्या राहून भेंडीचे शेंडे मोडतात. चार घेतात, चाळीस मोडून ठेवतात. तिनं पाटी लावली, भांडून बघितलं, काही उपयोग नाही. पण तुमचं खोकं मांडलं त्या दिवशी कोणी हात लावला नाही. एका म्हातारीनं भेंडी उचलली, मोडलेला शेंडा बघितला आणि सगळ्यांना दाखवला. म्हणाली, ही आपल्या गावाकडच्या कुणीतरी बघून पाठवलीय. दुपारपर्यंत दुकानातली सगळी भेंडी संपली. काळ्या टोकांसकट."

 डोळ्यांपुढं भागूआत्या आल्या, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. त्यांनी म्हटलेली ती बाई खरोखरच तिकडं होती. त्यांना ती आधीपासून ठाऊक होती, एवढंच.

"मग मोडून पाठवते," मी म्हणाले.

"नाही! नाही नाही नाही!" कर्णिक एवढ्यानं ओरडले की अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. "सगळ्यांना नाही चालत ते. बाकीची दुकानं परत करतील. एक करा. प्रत्येक खोक्यात अगदी वर एक भेंडी. फक्त एक. शेंडा मोडून ठेवा. मी व्यापाऱ्याला सांगून ठेवतो की ती आमची खूण आहे. बाईनं बघितलेला माल."

"कोणी मोडायची?"

"जिनं खोकं भरलं तिनं."

फोन ठेवला. शिपाई बाहेर गेला. अण्णा माझ्याकडे बघत होते.

"काय म्हणतो?"

मी सगळं सांगितलं. रंजनबेन, म्हातारी, ती एक भेंडी. अण्णांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"एक भेंडी मोडायची, हे सांगायला मुंबईहून ट्रंककॉल?"

"हो."

"लंडनच्या बाईनं फोन केला मुंबईला?"

"व्यापाऱ्याला केला. त्यानं मुंबईला."

"आपल्या उसासाठी आजवर कोणाचा फोन आला नाही," अण्णा म्हणाले. नंतर ते पुन्हा वाचायला लागले. मी घरी आले.

सोमवारी सकाळी उसाच्या बेण्याची बैलगाडी आली. शेडमधून आम्हाला चाकं ऐकू आली आणि सगळ्याजणी हात थांबवून बसल्या. अण्णा बांधावर उभे होते. गाडीवान उतरला, जू सोडायला लागला. अण्णा त्याच्याशी काहीतरी बोलले. त्यानं जू परत अडकवलं आणि गाडी फिरवून शेजारच्या रणवऱ्यांच्या शेताच्या वाटेला लावली.

अण्णा मग शेडमध्ये आले. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच. बायका पदर ओढून उभ्या राहिल्या. त्यांनी भागूआत्यांच्या पाटीतली एक भेंडी उचलली, न्याहाळली आणि अंगठ्यानं शेंडा मोडला. कट्.

"कोवळी आहे," ते म्हणाले.

"परातीत टाका, अण्णा," भागूआत्या म्हणाल्या.

अण्णांनी मुकाट्यानं परातीत टाकली.

*

कालव्याजवळच्या त्या तुकड्यात पुन्हा ऊस लागला नाही. अण्णा पुढं बरीच वर्षं होते. पाहुणे आले की त्यांना घर दाखवायच्या आधी शेड दाखवायचे आणि "आमच्या सूनबाईंचा लंडनला फोन असतो" असं सांगायचे. मी लंडनशी कधीच बोलले नव्हते, पण मी त्यांचं बोलणं खोडलं नाही. भेंडी मात्र त्यांनी शेवटपर्यंत खाल्ली नाही.

भागूआत्या थकल्यावरही शेडमध्ये यायच्या. निवडणं होत नसे, मग खोकं भरलं की वरची एक भेंडी मोडायचं काम त्यांच्याकडे दिलं. शेवटच्या आजारात त्यांना बघायला गेले तर म्हणाल्या, "जून जाऊ देऊ नकोस." 

मुमताजनं माझ्यानंतर शेड सांभाळली, मग कालव्यापलीकडं स्वतःची काढली. आता तिची सून ती चालवते. थंड खोल्या आहेत, निळ्या टोप्या आहेत, हातात खरे हातमोजे आहेत. वरची मोडकी भेंडी बंद झाली. तपासणीचे नियम आले, त्यात ती बसेना. मुमताज अजून दसऱ्याला सोनं द्यायला येते आणि त्या नियमांना नावं ठेवते.

कर्णिकांनी पुढं स्वतःची कंपनी काढली. आता ठाण्याला असतात, गुडघे धरलेत. दिवाळीला फोन करतात. त्यांच्या आईनं दादर सोडलं तेव्हा त्या भाजीवाल्यानं तिला भेंडीची पिशवी भेट दिली, न मोडलेल्या भेंडीची, असं ते दर वर्षी सांगतात आणि मी दर वर्षी हसते.

तात्या चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना माझ्या हातची भेंडी आवडत होती, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

रंजनबेनचं काय झालं, ते मला कळलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात नातीनं मला इंग्लंडला नेलं. तिच्या घराजवळ भाजीचं दुकान आहे, बाहेर फळ्यांवर माल मांडलेला. भेंडीही होती, आणि तिच्यावर इंग्रजीत पाटी. नात म्हणाली, "आजी, लिहिलंय मोडू नका."

माझ्या पलीकडं एक बाई उभी होती. माझ्याच वयाची, डोक्याला रंगीत फडकं गुंडाळलेली, आफ्रिकेकडची असावी. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि अंगठा टेकवला. कट्. मी बघितलं, हे तिच्या लक्षात आलं. ती ओशाळली. मग मीही एक उचलली. कट्. आम्ही दोघी तोंडाला हात लावून हसलो. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला.

आपापली मोडलेली भेंडी दोघींनी आपापल्या पिशवीत टाकली. पाव किलो आणखी घेतली, न मोडता.